कमी झाले ते गेले कुठे?

गाडीचे इंजिन बिघडले तर गाडी जागेवर उभी राहते. माणूस घरी उशिरा पोहोचतो, एवढेच. ब्रेक बिघडला तर गाडी उभीच राहत नाही. म्हणून आमच्या गॅरेजात एक नियम आहे. इंजिनचे काम उद्यावर टाकता येते, पण ब्रेकचे काम अर्धे ठेवून गाडी बाहेर सोडायची नाही.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा आणि बायको. नाशिक रोडच्या बाजूला पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, भिंतीला टांगलेले पाने, ही आमची इस्टेट. बाईमाणूस गॅरेजात कसे, असे सुरुवातीला लोक विचारायचे. त्याचे उत्तर साधे आहे. ब्रेकची एअर काढायला दोन माणसे लागतात, एक पायडलवर आणि एक चाकापाशी. हेल्पर टिकत नव्हता. मग दुसरे माणूस घरातलेच झाले आणि हळूहळू अर्धे गॅरेज त्याचे झाले. आज कोणते काम कोणाचे, हे आमचे आम्हालाच सांगता येत नाही.

ह्या पानावर स्वयंपाकाच्या आणि आजारपणाच्या गोष्टी येतात. आज एका गाडीच्या आजाराची गोष्ट सांगतो. आजार एकच होता, पण दुखणी तीन होती.

गाडी होती जोंगा. ज्यांच्या घरातले कोणी लष्करात किंवा लष्कराच्या कारखान्यात होते, त्यांनी हे नाव ऐकलेले असेल. जपानच्या निसान कंपनीच्या पॅट्रोल गाडीच्या परवान्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात ती १९६९ पासून सुमारे तीस वर्षे बनत होती. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन, जाड पत्रा, चारही चाकांना ताकद. चिखल असो, नदीपात्र असो, ती मागे हटत नाही. पुढे लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या आणि काही आपल्या लोकांच्या हाती आल्या. आमच्याकडची ही गाडी एका निवृत्त फौजी ड्रायव्हरची. आम्ही त्यांना काका म्हणतो. घोटीच्या पुढे, भंडारदऱ्याच्या बाजूला डोंगरात त्यांचे गाव. पावसाळ्यात लाल चिखलात दुसरी गाडी चढत नाही, तेव्हा वाडीवरचे आजारी माणूस ह्याच जोंग्यातून खाली येते.

काका तक्रारी घेऊन आले त्या तीन. एक, क्लच दाबला तरी रिव्हर्स गिअर कर्कश ओरडतो. दोन, दहा-वीस किलोमीटर गेले की ब्रेक आपोआप धरतात, चाके तापतात, गाडी जड होते. तीन, थोडे थांबले की सगळे पुन्हा ठीक. आधीच्या एका गॅरेजात त्यांनी क्लच प्लेट नवी टाकून घेतली होती. पैसे गेले, खोड तशीच राहिली.

आता थोडे मागे जाऊन हे काम चालते कसे ते सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. ह्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन्ही तारेवर नाहीत, पातळ द्रवाच्या दाबावर चालतात. मुलांना समजावायचे असेल तर दोन प्लास्टिकच्या सिरिंज घ्या. सुई नको. दोघींना एका नळीने जोडा आणि आत पाणी भरा. एकीचा दांडा दाबला की दुसरीचा वर येतो. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून दिलेला धक्का जसाच्या तसा पुढे जातो. आता आत हवेचा एक बुडबुडा सोडा. पहिला दांडा दाबला तर आधी बुडबुडाच दबतो आणि दुसरा दांडा उशिरा, कमी हलतो. ब्रेकमध्ये एअर आली म्हणतात ती हीच. तिसरा प्रयोग : एक सिरिंज लहान, एक मोठी घ्या. लहान दाबली तर मोठी थोडीच हलते, पण जोर जास्त लावते. फ्रान्सच्या पास्कल नावाच्या माणसाने सतराव्या शतकात हा नियम मांडला. त्याच्याच जोरावर माणसाच्या एका पायाने दीड-दोन टनांची गाडी थांबते.

गाडीत लहान सिरिंज म्हणजे पायडलपाशी असलेला मास्टर सिलिंडर. मोठ्या सिरिंज म्हणजे चाकांतले व्हील सिलिंडर, आणि क्लचसाठी गिअर बॉक्सच्या बाजूचा खालचा सिलिंडर. प्रत्येकात रबराचे कप असतात. ते द्रव अडवून धरतात. मास्टरच्या आत एक बारीक भोक असते. पाय काढला की पायडल मागे येते, ते भोक उघडते आणि लाईनमधला दाब डब्यात परत जातो. हे भोक ध्यानात ठेवा. गोष्टीत ते पुढे येणार आहे.

तपासाला आम्ही क्लचपासून सुरुवात केली. क्लच सुटत नाही म्हटले की पुष्कळ मिस्त्री आधी गिअर बॉक्स उतरवतात. त्याची घाई नसते. एकीने पायडल दाबायचे आणि एकाने खाली पडून बघायचे, की खालच्या सिलिंडरचा दांडा किती बाहेर येतो. दांडा पुरता बाहेर येतो आणि तरी गिअर ओरडतो, तर दोष आत आहे : प्लेट चिकटली असेल, बेअरिंग किंवा फोर्क गेला असेल. गाडी महिनोन्‌महिने उभी असली तर प्लेट गंजून चिकटतेही. पण दांडाच कमी येत असेल तर प्लेटचा काही गुन्हा नाही, दोष दाबाच्या लाईनमध्ये आहे. काकांच्या गाडीचा दांडा अर्ध्यावरच थांबत होता. त्या सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट मागे सारले तर आतून काळपट द्रव गळाला. पहिले दुखणे सापडले. नवी क्लच प्लेट फुकट गेली होती.

मग ब्रेक. गाडी शेडभोवती फिरवली, ब्रेक पुष्कळदा मारला आणि चाके धरल्यावर ती जॅकवर उचलली. हाताने चाक फिरेना. आता प्रश्न असा, की चाक द्रवाच्या दाबाने धरले आहे की आतला ब्रेक शू, स्प्रिंग, लायनर अडकला आहे? त्याला एक सोपी तपासणी आहे. व्हील सिलिंडरचे निपल किंचित सैल करायचे. द्रवाची चिळकांडी उडून चाक सुटले तर दाब लाईनमध्ये कोंडला आहे. सुटले नाही तर ड्रम काढून आत बघायचे. आमचे चाक सुटले. मग पुन्हा ब्रेक धरू दिला आणि ह्या वेळी मास्टरपाशी पाईप सैल केला. तिथे सैल केल्यावर चारही चाके सुटली. म्हणजे कोंडी मास्टरमध्येच होती. तिथे न सुटता एखादे चाक फक्त निपलपाशी सुटले असते, तर त्या चाकाचा रबरी होज आतून सुजून बंद झाला आहे असे समजायचे. बाहेरून असा होज अगदी धडधाकट दिसतो.

दाब मास्टरमध्ये का कोंडतो? एक कारण म्हणजे पायडलच्या दांड्याला थोडी मोकळीक हवी असते, ती नसली तर मास्टरचा पिस्टन पुरता मागे येत नाही. ती आम्ही पाहिली, ठीक होती. दुसरे कारण ते बारीक भोक. ते घाणीने बुजते, नाहीतर रबराचा कप फुगून त्याच्यावर बसतो. डब्याचे झाकण उघडले तर झाकणाखालचे रबर ढिले, फुगलेले, झाकणात परत बसेना. तेव्हाच आम्ही एकमेकांकडे बघितले.

काचेच्या ग्लासात साधे पाणी घेतले आणि डब्यातला द्रव चमचाभर त्यात टाकला. खरे ब्रेक ऑईल पाण्यात साखरेसारखे मिसळून जाते. इथे काही भाग मिसळला आणि वर तेलाचा तवंग तरंगला. क्लचच्या डब्यातला नमुनाही तसाच.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण सगळे त्याला ब्रेक ऑईल म्हणतो, पण ते ऑईल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेकचे द्रव ग्लायकोल जातीच्या रसायनांचे असतात, खनिज तेलाचे नाही. आणि ब्रेकमधले रबर त्याच द्रवासाठी बनवलेले असते. त्या रबराला इंजिन ऑईल, गिअर ऑईल, डिझेल, रॉकेल काहीही लागले की ते फुगते, मऊ पडते आणि शेवटी फाटते. नावात ऑईल आहे म्हणून लोक फसतात.

काकांना विचारले, "काका, डब्यात काय ओतलंत?"

काका म्हणाले, "अहो, क्लचचा डबा वर्षभर कमी होत होता. दर महिन्याला भरायचो. एकदा रस्त्यात संपलं, तर एका टपरीवाल्यानं पाण्याच्या बाटलीत भरून दिलं. म्हटलं, ब्रेकच्या डब्यातही थोडं टाकून ठेवावं."

सगळा उलगडा झाला. क्लचचा खालचा कप झिजून थोडे थोडे गळत होते. ते वर्षभर गळले आणि वर्षभर वरून भरले गेले. मग एक दिवस चुकीचे तेल आले, रबरे फुगली, क्लचचा उरलासुरला जीव गेला आणि ब्रेकचे ते भोक बुजले. गाडी चालली, द्रव तापून पसरला, परत जायला वाट नाही, म्हणून चाके धरली. निवल्यावर सुटली. तीन तक्रारींच्या मुळाशी एक छोटी गळती होती.

ब्रेकचा डबा थोडा खाली जाणे दर वेळी गळतीच असते असे नाही. लायनर झिजत जातात तसे पिस्टन बाहेर येतात आणि द्रव थोडा तिकडे जातो. पण क्लचचा डबा दर महिन्याला कमी होतो म्हणजे तो कुठेतरी जातोच. कमी झाले ते भरण्याआधी, गेले कुठे हे विचारले पाहिजे. घरातल्या पैशालाही आपण हाच प्रश्न विचारतो ना?

आता कठीण भाग. ज्या लाईनमध्ये तेल गेले तिथली सगळी रबरे बदलावी लागतात. एक कप बदलून भागत नाही. दोन्ही मास्टर, चारही चाके, क्लचचा सिलिंडर, सगळे होज. आम्ही खर्च सांगितला. काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, आत्ता क्लचचं करा. ब्रेकचं पुढच्या पेन्शनला बघू. गाडी मला आज न्यायचीय. पाऊस लागलाय, वाडीवर दोन बायांचे दिवस भरलेत. रात्री निरोप आला तर काय करू?"

खरेच होते ते. आम्ही दोघे काही वेळ काही बोललो नाही. बोलायला सोपे काही नव्हते. मग आमच्यातली एक म्हणाली, "काका, ती बाई ह्याच गाडीत बसणार ना? म्हणूनच गाडी देत नाही."

काका चिडले. लष्करात तीस वर्षे गाडी चालवली, मला शिकवता का, असेही म्हणाले. त्यांचा राग आम्हाला लागला नाही. त्या जोंग्याचा ब्रेक मास्टर एकेरी आहे, म्हणजे चारही चाकांना एकच लाईन. फुगलेला एक कप फाटला तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाईन असतात, एक गेली तरी दुसरी थोडी मदत करते. इथे ती सोय नव्हती, आणि गावचा रस्ता सगळा उताराचा.

शेवटी तोड निघाली. सामानाचे पैसे रोख, मजुरी तीन हप्त्यांत. काकांनी गावी फोन करून शेजारच्या वाडीतल्या जीपवाल्याला चार दिवस तयार राहायला सांगितले आणि एसटीने परत गेले. आम्ही पुण्याच्या नाना पेठेतून कप आणि होज मागवले.

काम सगळे हाताने आणि सावकाश करायचे. ड्रम काढल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. त्या धुळीने फुफ्फुसाचे जन्माचे दुखणे लागते, कॅन्सरही होतो, आणि ते वीस-तीस वर्षांनी कळते. आम्ही धूळ पाण्याने भिजवून फडक्याने पुसतो आणि फडके पिशवीत बांधून टाकतो. गॅरेजात काम करणारी मुले आपलीच असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. दुसरे, सिलिंडर पेट्रोल-डिझेलने धुवायचा नाही. स्पिरिटने किंवा ताज्या ब्रेक ऑईलने धुवायचा. आतून बोट फिरवून बघायचे. खड्डे लागले तर सिलिंडरच बदलायचा, कारण खड्ड्यांवर नवा कपही फाटतो. आम्हाला मागच्या एका चाकाचा सिलिंडर बदलावा लागला. लोखंडी पाईपही मोकळे करून स्पिरिटने धुतले, म्हणजे जुन्या तेलाचा थेंब मागे राहू नये.

मग एअर काढणे. निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचे दुसरे टोक ब्रेक ऑईल असलेल्या काचेच्या बाटलीत बुडवायचे. मास्टरपासून सर्वांत लांबचे चाक आधी. आपल्याकडे उजव्या हाताची गाडी, म्हणून मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. एक जण म्हणतो, "दाब." पायडलवरची म्हणते, "दाबला." निपल उघडते, बुडबुडे येतात. पायडल खाली जाईपर्यंत पाय काढायचा नाही. निपल बंद झाल्यावर "सोड." नाहीतर हवा परत आत. डबा मध्येच रिकामा होऊ द्यायचा नाही, आणि बाटलीत आलेले पुन्हा डब्यात ओतायचे नाही. क्लचच्या सिलिंडरचे निपल वरच्या बाजूला राहिले पाहिजे, कारण हवा वर जमते. बसवताना हे चुकले तर दिवसभर पायडल मारले तरी एअर निघत नाही. पत्र्यावर ब्रेक ऑईल सांडले तर लगेच पाण्याने धुवायचे, ते रंग खाते.

हे आम्ही इतके उघड का सांगतो? आम्हाला कोणी असे सांगितले नव्हते. आमच्यातला एक लहानपणी ज्या गॅरेजात हेल्पर होता, तिथला मिस्त्री एअर काढताना पोराला चहा आणायला पाठवायचा. शिकला तर आपल्या शेजारीच दुकान टाकेल, ही भीती. वर्षभर पाने पुसून पोराला फक्त पायडल मारता येत होते, कशासाठी मारतो ते माहीत नव्हते. विद्या अशी झाकून ठेवणाऱ्यांचा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही. म्हणून आमच्या शेडमध्ये एक फळा आहे. त्यावर लिहिले आहे :

पायडल स्पंजासारखे लागते : आत हवा.
पाय दाबून धरला तर पायडल हळूहळू खाली जाते, बाहेर गळती नाही : मास्टरचा कप.
पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर : शू आणि ड्रममधले अंतर वाढले, ॲडजस्ट करा.
पायडल कडक, पण गाडी थांबत नाही : लायनर तेलकट किंवा गुळगुळीत.
गाडी एका बाजूला ओढते : दोन्ही बाजूंची चाके उघडून ताडून बघा.

आमच्याकडे येणारे प्रत्येक पोर आधी हा फळा वाचते, मग पाना हातात घेते. दोघा जणांनी पुढे स्वतःचे दुकान टाकलेही. आमचे गिऱ्हाईक काही कमी झाले नाही.

पाचव्या दिवशी काका आले. आम्ही गाडी त्यांच्याच हाती दिली आणि आम्ही दोघे मागे बसलो. सिन्नरच्या रस्त्याला मोकळ्यावर दहा-बारा वेळा ब्रेक मारून पाहिले. परत आल्यावर चारही ड्रमला हात लावला. कोमट, सगळे सारखे. रिव्हर्स आवाज न करता पडला. काकांनी बॉनेट उघडून दोन्ही डब्यांकडे पाहिले आणि विचारले, "किती दिवसांनी भरायचं?"

आम्ही म्हणालो, "काका, भरायचं नाही, बघायचं. दर आठवड्याला. खाली गेलं दिसलं तर फोन करा." आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ब्रेक ऑईल नेहमी सीलबंद डब्यातले घ्यायचे. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघडा राहिलेला डबा पुढच्या वेळेला वापरायचा नाही, आणि गाडीतलेही दोन वर्षांनी बदलायचे. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ती हद्द १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ड्रम तापले की ते उकळते, वाफ होते आणि पायडल सरळ खाली जाते. म्हणून घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची आणि निम्मे काम इंजिनला करू द्यायचे.

वाचकहो, तुमच्या घरी जोंगा नसेल. पण रिक्षा असेल, टेम्पो असेल, जुनी जीप असेल, नाहीतर घरातले कोणी दुसऱ्याची गाडी चालवत असेल. मिस्त्रीने सामान बदलायला सांगितले तर रागावू नका, पण एवढे जरूर विचारा : दोष कुठे आहे हे कसे ठरवले? जुना भाग मला दाखवा. कोणते ब्रेक ऑईल टाकले, सील कोणासमोर फोडले? चांगला मिस्त्री ह्या प्रश्नांनी नाराज होत नाही. तो तुम्हाला हात धरून गाडीखाली नेतो आणि दाखवतो.

काकांचा तिसरा हप्ता अजून यायचा आहे. मागच्या आठवड्यात फोन मात्र आला होता. रात्री एकाला बाई आणि तिची सासू दोघींना घेऊन घाट उतरले. मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. आणि डबे बघितले का, असे आम्ही विचारण्याआधी काकाच म्हणाले, "दोन्ही डबे रेघेवर आहेत."